मावळतीच्या ताट्या

माझ्या सासरचा पानमळा सडला त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तो कशाने सडला हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण एकानेही ते तोंडाने कबूल केलं नाही. सासरे गेले, सासूबाई गेल्या. अजूनही कुठे लग्नकार्यात नातेवाईक भेटले की कोणीतरी मान हलवत म्हणतं, देवाची इच्छा. देवाने काही केलेलं नाही. काय झालं ते मी सांगते. माझं डोकं लवकर तापतं आणि निवायला फार वेळ लागतो, हे वाचणाऱ्याने आधीच धरून चालावं.

मळा हुडकेश्वरच्या पलीकडे होता. तेव्हा नागपूर तिथवर पोचलं नव्हतं. ज्यांनी पानमळा पाहिलेला नाही त्यांना वाटतं, वांग्या-टमाट्यासारखं उघड्यावरचं काही असेल. तसं नसतं. पानमळा ही एक खोलीच असते. बांबूचे खांब, वर गवताचं पातळ छप्पर, चारी बाजूंना तुराट्या आणि गवत बांधून केलेल्या उंच ताट्या. आत अंधूक हिरवा उजेड, ओली जमीन आणि रांगेने बांबूंवर चढलेल्या वेली. बाहेर आमचा उन्हाळा माणसं भाजून काढत असतो तेव्हा वेलीला आत गार आणि ओलं लागतं. म्हणून उन्हाळाभर ताट्या घट्ट बांधायच्या, वेलींना दिवसातून तीनदा पाणी द्यायचं, वर ताट्यांवरही मारायचं. पाऊस लागला की सगळं उलटं होतं. तेव्हा ओल न बोलावता येते आणि ती बाहेर काढावी लागते, नाहीतर वेल बुडाशी सडते. ओल कधी धरायची आणि कधी सोडायची, हे ज्याला कळलं त्याला पानमळा कळला. मला ते लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कळलं, कारण मी ते माहेराहून घेऊनच आले होते.

माझे वडील सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत आधी वाळ्याच्या ताट्या करून द्यायचे, पुढे कूलर बनवायला लागले. लोक तक्रार घेऊन यायचे की कूलर लावला तरी घरात चिकचिक होते, पापड मऊ पडतात, अंथरुणं दमट लागतात. वडील मला सायकलवर पुढे बसवून त्या घरी जायचे. दर वेळी तेच. कूलर जोरात चालू आणि समोरची खिडकी गच्च बंद, कारण गार हवा निघून जाईल ही भीती. वडील मला म्हणायचे, "जाय, खोल ती खिडकी." मी उघडायचे. थोड्या वेळाने घरातली बाई म्हणायची, हो की, आता बरं वाटून राहिलं. वडील म्हणायचे, "हवेले याले वाट पाहिजे अन् जाले बी पाहिजे. जाले वाट नसन तर ते घरातच बसून राहते." दहाव्या वर्षापासून माझं शिक्षण हे असं झालं. शाळेतलं बरंचसं विसरले, हे नाही विसरले.

सासरी मळ्याचे नियम होते. आत चपला न्यायच्या नाहीत. आंघोळ केल्याशिवाय जायचं नाही. बाईने त्या चार दिवसांत मळ्याच्या सावलीलाही जायचं नाही. मागच्या पडवीत बसून राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम मावळतीच्या ताट्यांचा. उन्हाळ्यातल्या झळा मावळतीकडून येतात म्हणून त्या बाजूला दुहेरी ताट्या. अक्षय्य तृतीयेला सासरे नारळ फोडून त्या अंबाडीच्या दोरीने बांधत, आणि त्या गाठी नागपंचमीची पूजा झाल्याशिवाय कोणी सोडायच्या नाहीत, ना बाकीच्या बाजूंच्या. वेलीच्या बुडाशी नाग राहतो. त्याची पूजा केल्याशिवाय त्याच्या घराचं दार उघडायचं नाही, अशी समजूत. सासऱ्यांच्या आज्ज्याच्याही आधीपासून हे चालत आलं होतं.

मी या नियमाला हसत नाही. ज्याने कोणी तो केला त्याने पाऊस बघूनच केला असणार. एरवीच्या वर्षी पाऊस जरा स्थिरावतो, आत ओल साठायला लागते, तेवढ्यात पंचमी येते आणि ताट्या सुटतात. हिशेब बरोबर बसतो. पण दर दोन-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, धोंड्याचा महिना. तो श्रावणातच आला, तर आधी अधिक श्रावण जातो, मग खरा श्रावण लागतो, आणि पंचमी त्या खऱ्या श्रावणात. म्हणजे पाऊस आपल्या वेळेला हजर आणि पंचमी जवळजवळ महिनाभर मागे. पावसाला पंचांग वाचता येत नाही. माझ्या सासऱ्यांना फक्त पंचांगच वाचता येत होतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा असा अधिक श्रावण आला. त्या वर्षी पाऊस असा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसेना. आणि मळा उन्हाळ्यातल्यासारखा चारी बाजूंनी आवळलेला.

हे सगळ्यांत आधी मला कळलं. बाया ओसरीवर बसून पानं निवडायच्या. फाटकी वेगळी, कोवळी वेगळी, चांगल्यांची चवड लावून ओल्या फडक्यात. पुरुष वेल बघायचे, पण पान हातात यायचं आमच्या. एका सकाळी माझ्या हाताला देठ बुळबुळीत लागला. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडेला काळे ठिपके, पाण्यात भिजवल्यासारखे. मी चार पानं बाजूला काढून सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि टोपलीच्या तळाशी सारली.

मी तिथे थांबायला हवं होतं असं सगळ्यांचं मत पडलं. मी थांबले नाही. खड्याचं मीठ फडक्यात बांधून मळ्यात दोन जागी टांगलं. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पाणी गळत होतं. ते फडकं घेऊन मी सासऱ्यांपुढे गेले. पदर सावरून, दाराआड उभी राहून बोलले, जसं बोलायला हवं तसं.

"मामाजी, मळ्यात ओल कोंडली जी. मावळतीच्या ताट्या खालून सोडल्या अन् उगवतीच्या वरून, तर हवा फिरन."

ते पंचांग चाळत होते. "पंचमी कई हाये?"

"अजून बावीस दिवस हायेत."

"मंग?"

"तेवढ्यात बुडं सडतीन जी."

"तुयाच्या बापाचा कूलर नाही हा," ते म्हणाले. "देवाचं ठिकाण हाये."

माझा नवरा तिथेच पाटावर बसून जेवत होता. त्याला तोंड होतं, पण ते तो जेवायलाच वापरायचा. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने आणखी भाजी मागितली. ती मी वाढली, याची मला अजून चीड येते.

पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली आणि मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आता यातली गंमत बघा. ज्या बाईने मळ्याच्या सावलीला जायचं नाही तिला बसायला दिलेली जागा ही त्या घरातली मळ्याला सगळ्यात जवळची जागा. हाताला काम नाही, कोणी बोलायला नाही, ताट-वाटी वेगळी, आणि दिवसभर नाकात मळ्याचा वास. आधी तो वास ओल्या मातीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यात फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास मिसळला. तिसऱ्या दिवशी मला तिथे बसवेना.

दुपारी सासरे आणि नवरा पानांच्या टोपल्या घेऊन बाजारात गेले होते. सासूबाई झोपल्या होत्या. मी उठले, पावसात भिजत मळ्याच्या मावळतीला गेले आणि गाठी सोडायला लागले. अंबाडीची दोरी भिजली की फुगते. गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. विळा आणला असता तर पाच मिनिटांचं काम, पण नागाच्या घरावर लोखंड लावायला माझंही मन घेईना. हो, मीही त्याच घरात राहत होते. दातांनी ओढून गाठी सोडल्या. सहा ताट्या खालून मोकळ्या करून वर उचलून बांधल्या. आतून जी हवा बाहेर आली ती एखादं जुनं, जमिनीतलं धान्याचं पेव उघडल्यावर येते तशी होती, कोमट आणि आंबूस. मी आत वाकून बघितलं. पुढच्या रांगांतल्या वेलींची बुडं अजून हिरवी होती. मला रडू आलं, आनंदाने.

उगवतीच्या बाजूला जायला निघाले तेवढ्यात सासूबाई पडवीच्या दारात उभ्या दिसल्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. सासरे येईपर्यंत मला तिथेच पावसात उभं ठेवलं. सासरे आले, त्यांनी सहा ताट्या बघितल्या, आणि मग शेजारपाजारचे चार लोक बोलावून आणले. त्या चौघांसमोर विचारलं, "बाजूला होती ना तू?"

"हो जी."

"माहीत होतं ना तुले?"

"हो जी. पण मळा सडून राहिला होता."

"मळा सडून राहिला नव्हता," ते त्या चौघांना म्हणाले. "आता सडन."

मला मळ्याच्या दाराशी डोकं टेकवायला लावलं, चिखलात. गोमूत्र शिंपडलं. ताट्या सोडलेल्याच राहिल्या, कारण अशुद्ध हाताने सोडलेली गाठ पंचमीच्या पूजेशिवाय पुन्हा बांधताही येत नव्हती. हेही त्यांच्याच नियमात होतं. आणि मला सव्वा महिना माहेरी पाठवलं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, अनारसे करतात, त्याचा मान करतात. माझ्या आईने आठ दिवस आधीपासून तांदूळ भिजवले होते. चांदीचं निरांजन घासून ठेवलं होतं. आणि मी जावयाशिवाय दारात उभी, कडेवर दोन वर्षांची मुलगी, हातात पिशवी. आई मागे बघत राहिली, जावई रिक्षाचे पैसे देत मागे राहिला असेल म्हणून. मला जे सांगायचं ते मी आत जाऊन एका दमात सांगितलं. आई डोक्याला हात लावून बसली. वडिलांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "किती ताट्या सोडल्या तू?"

"सहा."

"अन् समोरच्या?"

"समोरच्या सोडाले वेळच नाही भेटला."

"मंग अर्धा वाचन," ते म्हणाले, आणि आईला म्हणाले, "तिले अनारसे दे. तिच्यासाठीच केले असं समज."

अर्धा वाचला. मावळतीच्या रांगा जशाच्या तशा हिरव्या राहिल्या. उगवतीच्या रांगा बुडाशी काळ्या पडून आडव्या झाल्या. सव्वा महिन्यानंतर मी परत गेले तेव्हा मधोमध रेघ आखल्यासारखं दिसत होतं. आंधळ्याला हात लावून कळलं असतं. आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून सांगत होते, उगवतीचा भाग सुनेच्या विटाळाने गेला, मावळतीचा शुद्धी केली म्हणून वाचला. मी विटाळ घेऊन उभी होते मावळतीला. मेला उगवतीचा भाग. हे त्यांना कोणी विचारलं नाही. मी विचारलं, माझ्या नवऱ्याला, खोलीचं दार लावून. तो म्हणाला, "जाऊ दे ना. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी काहून लागतं?"

इथवरचा राग साधा आहे. असा राग माझ्या पिढीतल्या कुठल्याही बाईच्या गाठीला सापडेल. पुढचं मात्र मला गिळता आलेलं नाही.

उगवतीच्या रांगा नव्याने लावल्या. तीन वर्षांनी पुन्हा एक जास्तीचा महिना आला, या खेपेला ज्येष्ठात, आणि पंचमी पुन्हा लांबली. पाऊसही लवकर लागला. देठ बुळबुळीत यायला लागले. मी तोंड शिवून बसले होते. एका सकाळी सासूबाई चुलीजवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुये दिवस कई हायेत वं?"

मला वाटलं, पूजेबिजेचं काही असेल. "उद्या-परवा येतीन."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, "बाजूला बसली का दुपारी आमी कोनी मागं नसतो. सारे बाजारात जातीन. मी बी देवळात जाईन."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं आणि मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्यांना ताट्या सोडून हव्या होत्या. ताट्या सोडल्याशिवाय मळा जगत नाही हे त्यांना पटलं होतं, सासऱ्यांनाही पटलं होतं. फक्त शुद्ध हाताने पंचमीआधी गाठ सोडली तर नियम मोडतो. अशुद्ध बाईने सोडली तर नियम मोडत नाही, बाई मोडते. तिला दोष लावायचा, गोमूत्र शिंपडायचं, आणि दोन्ही गोष्टी हातात: मळाही आणि नियमही.

मी गेले. का गेले? वेलींसाठी गेले. बारा महिने ज्यांना पाणी घातलं त्या डोळ्यांसमोर सडताना बघवत नाहीत. या खेपेला मावळतीच्या आणि उगवतीच्या, दोन्ही ताट्या सोडल्या, कारण घर पूर्ण रिकामं ठेवलेलं होतं. संध्याकाळी सासरे आले, त्यांनी बघितलं, आणि चार लोक बोलावले. मी चिखलात डोकं टेकवलं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावून सांगितलं, काय करू, सून अशी मिळाली. त्या वर्षी एकही रांग गेली नाही. पंचमीला त्यांनी पूजा केली आणि अख्खा मळा वाचवल्याबद्दल नागाचे आभार मानले.

मग ते तसंच चालू राहिलं. पंचमी लांबली की सासूबाई चुलीजवळ यायच्या. सासरे तर पुढे पुढे गोमूत्र आधीच आणून ठेवायला लागले. मी ते वाटीत झाकून ठेवलेलं बघायचे आणि तरी जायचे. आसपासच्या बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. कोणाच्या घरी हळदीकुंकू असलं तर मला बोलावणं यायचं नाही. आणि आमच्या मळ्याचं पान मात्र सगळ्यांना हवं असायचं.

पहिल्या खेपेनंतर आठ वर्षांनी अधिक महिना पुन्हा श्रावणातच आला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ओसरीवर माझ्या शेजारी बसून पानं निवडायची, आणि तिचा हात माझ्याहून हलका होता. देठ कसा लागतो हे तिला सांगावं लागत नव्हतं. त्या दिवशी तिनेच एक पान उचलून म्हटलं, "आई, हे बुळबुळीत लागते."

सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी ते पान हातात घेतलं, बघितलं आणि कौतुकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठी हुशार हाये माझी बाई," त्या म्हणाल्या. "दोन-तीन सालानं मोठी झाली का आईवानी मळ्याच्या कामी येशीन तू."

त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. हेच मला सहन झालं नाही. त्यांनी एखादा दागिना नातीला द्यायचं ठरवावं तसं म्हटलं. मी मुलीकडे बघितलं. ती हसत होती. तिचं कपाळ छोटं आहे, माझ्या आईसारखं. ते कपाळ मला चिखलात दिसलं.

मी उठले आणि सरळ सासऱ्यांकडे गेले. या खेपेला दाराआड उभी राहिले नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "त्या साली अर्धा मळा ताट्या सोडल्यानं वाचला, एवढं एकदा म्हणा जी. चारचौघात नका म्हणू. घरात म्हणा. पोरीले ऐकू द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पानातला घास मागितला आहे. "देवाच्या कामात तुये हिशेब नको लावू," ते म्हणाले.

"बरं जी."

"अन् लवकर लवकर पाऊस लागला औंदा," ते पंचांगाकडे बघत म्हणाले. "वाटीत आणून ठेवलं हाये मी."

गोमूत्र. आणून ठेवलं होतं.

माझे दिवस आले. मी पडवीत बसले. दुपारी सगळे बाजारात गेले. सासूबाई देवळात गेल्या. जाताना त्यांनी पडवीकडे बघून मान हलवली, म्हणजे मोकळं आहे. मी चार दिवस पडवीत बसून राहिले. चार दिवस माझ्या नाकात तो वास होता, आणि मी मांडीखाली हात घालून त्यावर बसले होते. हे शब्दशः सांगते आहे. हात सुटे ठेवले असते तर ते गेले असते. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आले आणि स्वयंपाकाला लागले.

सासूबाई दोनदा चुलीजवळ आल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "विसरली का वं?" दुसऱ्यांदा नुसत्या उभ्या राहिल्या. नवऱ्याने त्या रात्री पहिल्यांदा आपणहून विषय काढला. "तू ताट्या नाही सोडल्या?"

"तुमाले हात हायेत ना?" मी म्हटलं.

तो कुशीवर वळला.

त्या घरात सहा हात होते. सासऱ्यांचे, नवऱ्याचे, सासूबाईंचे. त्यांतल्या कोणीही पुढच्या महिनाभरात कधीही जाऊन एक दोरी सोडायची होती. दोरी सोडायला पाच मिनिटं लागतात. ते रोज मळ्यात जायचे, वास घ्यायचे आणि परत यायचे. सासरे दर सकाळी पंचांगात उरलेले दिवस मोजायचे. माझ्या हातात येणारी पानं आधी ठिपक्यांची यायला लागली, मग अर्धी काळी, मग टोपलीच येईनाशी झाली. ओसरीवर मी आणि मुलगी रिकाम्या बसायचो. ती विचारायची, आई, पानं काहून नाही येऊन राहिली? मी म्हणायचे, आबाजींना विचार. तिने विचारलंही. त्यांनी तिला खडीसाखर दिली.

पंचमी आली. सासऱ्यांनी पहाटे आंघोळ केली, नवं धोतर नेसले, दूध-लाह्या घेऊन मळ्यात गेले. पूजा केली. मग विधिवत मावळतीच्या आणि मागोमाग उगवतीच्या ताट्या सोडल्या. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. आतून तो वास आला आणि माझ्या मुलीने नाकावर फ्रॉक धरला. सासरे आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात एक वेल होती. ओढावीही लागली नसेल. बुडापासून सुटून आली होती, खालचा वीतभर भाग काळा, लगद्यासारखा.

ते माझ्यासमोर येऊन थांबले. त्या घरात अकरा-बारा वर्षं झाली होती, पण ते माझ्याशी बोलायला स्वतःहून चालत आले असं पहिल्यांदा झालं.

"तुले वास आला होता ना?" त्यांनी विचारलं.

"आला होता जी."

"पडवीत बसली होती तईच?"

"हो जी."

"मंग काहून नाही सोडल्या?" त्यांचा आवाज चिरकला. "दर खेपेले सोडते. या खेपेलेच काहून नाही सोडल्या?"

सासूबाई होत्या, नवरा होता, पूजेला आलेले शेजारचे दोघं-तिघं होते. सगळ्यांनी ते ऐकलं. आठ वर्षं जे एका माणसाच्या तोंडून मला ऐकायचं होतं ते त्याने असं विचारलं, सडकी वेल हातात धरून, माझ्यावर आरोप म्हणून.

"विटाळ होता जी मले," मी म्हटलं. "मळ्याच्या सावलीले बी जायचं नसते."

ते वेल तिथेच टाकून घरात गेले आणि पुन्हा आंघोळीला पाणी मागितलं. मी तापवून दिलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. दुपारी मी एकटी मळ्यात गेले, न्हालेली, अनवाणी, सगळे नियम पाळून. मावळतीकडून हवा येत होती, छान, मोकळी. दोन्ही बाजूंच्या ताट्या उघड्या होत्या आणि त्या हवेचा उपयोग होईल असं आत काहीही नव्हतं. त्या वेलींनी माझं काही बिघडवलं नव्हतं. सासऱ्यांचा राग मी आजपर्यंत सांभाळला आहे, नवऱ्याचाही, पण त्या चार दिवसांत मांडीखाली दाबून धरलेल्या या हातांचाही राग येतो, आणि तो कुठे ठेवावा हे मला अजून कळलेलं नाही. पुन्हा ते दिवस आले तर मी काय करीन? तेच करीन.

नव्या वेली लावायला सासऱ्यांचं मन घेईना. ताट्या काढून चुलीत गेल्या, बांबू गोठ्याला लागले. दोन वर्षांनी माझ्या मुलीला पाळी सुरू झाली. सासूबाईंनी सवयीने तिचं अंथरूण मागच्या पडवीत घातलं. मी ते उचलून घरात आणलं आणि सासूबाईंनी ते तिथेच राहू दिलं. पडवीच्या समोर तेव्हा नुसती तुरीची शेती होती. तिला पाठवायला तिथे काही उरलं नव्हतं.